ओलं धोतर

गच्चीवर बाबांची खुर्ची जिथे असायची, तिथेच यंत्र ठेवायचं मी ठरवलं. तो कोपरा डांबराच्या प्लांटसमोर येतो. फरीदाबादला आम्ही घर बांधलं तेव्हा मागे मोहरीची शेतं होती. मग नवे टॉवर आले, टॉवरसाठी रस्ते, आणि रस्त्यांसाठी हा प्लांट. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर दमा लिहिला. मी प्रदूषण मंडळाकडे अर्ज करत राहिले, तेव्हा कुठे हवा तपासायला यंत्र मिळालं, तेही तीन दिवसांसाठी. धूळ मर्यादेबाहेर निघाली तर प्लांट हलणार. नाहीतर फाइल बंद.

यंत्र म्हणजे पत्र्याची पेटी. आतला पंखा हवा ओढतो, धूळ पांढऱ्या कागदावर बसते, मग कागदाचं वजन करतात.

यंत्राबरोबर आलेल्या कटियारजींनी पहिला कागद काढून उन्हात धरला. "मॅडम, आपके यहाँ तो मसूरी की हवा है."

"मज़ाक मत कीजिए."

"मज़ाक तो ये कागज़ कर रहा है." त्यांनी बुटाने फरशी दाखवली. कोपऱ्यात अजून ओल होती. "पानी कौन डालता है यहाँ? आज का दिन तो बेकार गया."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गच्चीवर जाऊन थांबले. आई बादली घेऊन आली. सडा घालावा तसं तिने यंत्राभोवती पाणी शिंपडलं. मग बाबांचं जुनं धोतर पिळून प्लांटच्या बाजूच्या दोरीवर पसरलं. बाबा खुर्चीत बसायचे तेव्हाही ती असंच करायची.

"आई, हे काय?"

"धाप लागल्यासारखं ओढतं गं ते. आणि बसलंय कुठे, तर यांच्या जागी."

"त्याला बरं वाटावं म्हणून नाही आणलेलं."

"मग कशाला आणलंय?"

"बाबांनी जे ओढलं, ते त्याने ओढायला हवं. जसंच्या तसं. तू धोतर लावलंस म्हणून कालचा कागद पांढरा आला, बाद झाला."

आई धोतराचं टोक धरून उभी राहिली.

"पांढरा आला?"

"जवळजवळ."

"म्हणजे यांच्यापर्यंत कमी पोचत होतं," ती म्हणाली. "एवढं तरी होत होतं."

मी हो म्हटलं. तिने धोतर उतरवलं, त्याची ओलीच घडी केली, आणि उरलेलं पाणी खाली नेऊन तुळशीला घातलं.

त्यानंतरचे दोन्ही कागद काळे निघाले. दुसरा कटियारजींनी विनोद न करता पाकिटात घातला. मग म्हणाले, "माँजी, तीन चाहिए. एक कम पड़ गया. मशीन तो आज ले जानी पड़ेगी."

"अर्ज़ी ये लिखेगी," आईने माझ्याकडे बोट केलं. "मशीन यहीं रहेगी."

"ऊपर से ऑर्डर है, माँजी."

"तो ऊपर फ़ोन लगाओ. चाय बनाती हूँ."

मी कागद-पेन आणायला खाली गेले. परत आले तेव्हा आईने बाबांची खुर्ची वर आणून यंत्राला टेकवून ठेवली होती आणि तिच्यात ती बसली होती, प्लांटकडे तोंड करून. कटियारजी गच्चीच्या कठड्याशी उभे राहून साहेबांना फोनवर समजावत होते. मी अर्ज लिहायला घेतला.