सपाटीवरचं पाणी

ओग्न्यानच्या नावानं पाणपोई बांधायची, याबद्दल घरात वाद नव्हता. वाद होता तो कुठं बांधायची याचा, आणि तो असा पेटला की झ्लातकानं नवऱ्याला आठवडाभर नुसतं घेवड्याचं सूपच वाढलं.

आमच्या बाल्कन डोंगरात रीत ठरलेली आहे. माणूस रस्त्यावर गेला, की तो गेला तिथंच दगडी पाणपोई बांधायची. जवळचा झरा नळीनं आणायचा, दगडावर गेलेल्याचं नाव कोरायचं, त्याचा फोटो बसवायचा. वाटसरू थांबतो, पाणी पितो, 'देव त्याला क्षमा करो' म्हणतो आणि पुढं जातो. ते पाणी गेलेल्याला पोचतं. पोचतं म्हणजे पोचतंच. यावर आमचा पाद्रीही वाद घालत नाही, आणि तो हवामानावरसुद्धा वाद घालणारा माणूस आहे.

अस्वलघाटात अशा पाणपोया आणि क्रूस इतके आहेत की परगावचा माणूस विचारतो, इथं लढाई झाली होती काय? झाली होती म्हणा. अजून चालूच आहे. माथ्यावरून रस्ता घसरत खाली येतो, मध्ये एका मोकळ्या जागी जरा दम खातो, आणि मग तिथून येलेनोवो गावाच्या डोक्यावर अक्षरशः कोसळतो. त्या मधल्या जागेला आम्ही सपाटी म्हणतो. खालच्या अर्ध्या घाटात कठडा निम्मा तुटलेला, डांबर उन्हाळ्यात लोण्यासारखं, आणि वळणं अशी की समोरून काय येतंय ते आल्यावरच कळावं. ओग्न्यान गेल्यावर साहेबलोक आले, मोजमाप केलं आणि शेवटच्या वळणावर उताराची पाटी लावून गेले. बैल गेला आणि झोपा केला.

ओग्न्यान हा दोब्री आणि झ्लातकाचा एकुलता एक मुलगा. खडीचा ट्रक घेऊन उतरत होता. ब्रेक तापत तापत निकामी झाले आणि गावाच्या वरच्या शेवटच्या वळणावर ट्रक ओढ्यात गेला. मालक म्हणाला, पोरगं वेगात होतं. गाव म्हणालं, मालकानं ब्रेकचे लायनर बदलायचं टाळलं होतं. दोब्रीला आता एकच गोष्ट हवी होती, पोराला पाणी पोचायला हवं होतं.

"शेवटच्या वळणावर बांधायची," तो म्हणाला. "तिथंच तो गेला, तिथंच झरा आहे. यात विचार कसला?"

"सपाटीवर," झ्लातका म्हणाली.

"सपाटीवर पाणी आहे का? तुझ्या बापानं ठेवलंय?"

"वरच्या रानातून आणायचं."

"अगं, पण तो सपाटीवर गेला का?"

"दोब्री, खाली थांबणार कोण? तिथवर आलेली गाडी कधी थांबते का?"

"ज्याला तहान लागेल तो थांबेल." मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाला, "माणूस जिथं जातो, तिथंच त्याचा जीव घुटमळतो. तू पाणी सोडणार वर, आणि तो उभा खाली. मग पोचणार कसं?"

रीत दोब्रीच्या बाजूनं होती, आणि गावही. पाणपोई शेवटच्या वळणावर झाली.

रांगेल गवंड्यानं काम मात्र झोकात केलं. राखाडी दगडाची भिंत, गुरांसाठी कोरलेलं कुंड, मध्ये पितळी तोटी, आणि तिच्यावर हसणारा ओग्न्यान. वर्षश्राद्धाला पाद्र्यानं धूप फिरवला, झ्लातकानं साखर घातलेले उकडलेले गहू सगळ्यांच्या हातावर ठेवले आणि दोब्रीनं जमिनीवर वाइन ओतली. घरी जाताना त्याचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो तिथं जाऊन बसू लागला. कोण कोण पाणी पितं ते बघायला.

कुणी पीत नव्हतं. मारिनच्या शेळ्या प्यायच्या, एकदा एक सायकलवाला प्यायला, आणि गावातल्या बायका दोब्रीला वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम येऊन घोटभर पिऊन जायच्या. गाड्या थांबत नव्हत्या. थांबणार कशा? वळणावर जागा नाही, मागून दुसरी गाडी अंगावर. दोब्री तोटी पुसायचा, कुंडातली पानं काढायचा आणि पुन्हा बसायचा.

बसून बसून तो वर बघू लागला. अख्खं आयुष्य या घाटाखाली काढलं, पण घाटाकडे असं तोंड करून तो कधी बसला नव्हता. कोण बसतं? घराच्या छपराकडे कुणी बघत बसत नाही. आता त्याला दिसू लागलं. आधी वास यायचा, जळक्या रबराचा आणि तापल्या लोखंडाचा. मग झाडांच्या वरून पांढरट धूर. मग इंजिनाचं घोगरं रडणं, आणि मग वळणावरून ते धूड बाहेर यायचं. संगमरवराच्या लाद्या, ओंडके, सिमेंट, परदेशी नंबराची फ्रिजची गाडी. चाळीस टनांचा डोंगर डोंगरावरून उतरायचा आणि त्याच्या टोकाला, काचेमागं, एक माणूस दोन हातांनी ते सगळं धरून बसलेला. दोब्रीच्या अंगावर काटा यायचा. आपण याखाली जेवलो, झोपलो, लग्नं केली, असं त्याच्या मनात यायचं, आणि यातलं एखादंच का कोसळतं, सगळी का नाही कोसळत, याचंच त्याला नवल वाटू लागलं.

मग सप्टेंबरात, आलुबुखार वेचायच्या दिवसांत, तो भोंगा ऐकू आला.

येलेनोवोत हा आवाज तान्ह्या पोरालाही कळतो. साधा हॉर्न वाजतो आणि थांबतो. हा थांबत नाही. ब्रेक गेलेला ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून ठेवतो तो शेवटपर्यंत. तो आवाज वरून उतरू लागला की खाली गावात कुणी ओरडत नाही. बायका टोपल्या ठेवतात, पोरांना ओट्यावर खेचतात, मारिन शेळ्या बांधाकडे हाकतो, आणि कुणीतरी देवळाची घंटा वाजवू लागतं. रस्ता रिकामा होतो. मग सगळे क्रूसाची खूण करून उभे राहतात आणि वाट बघतात. हेच आमच्याकडचं सुरक्षा खातं.

दोब्री कुंड घासत होता. त्यानं ब्रश टाकला आणि वरच्या दरडीवर चढला, गुडघे दुखत असूनही पोरासारखा चढला. आवाज एका वळणावर बारीक व्हायचा, पुढच्यावर मोठा. कुठंतरी दगड गडगडले. मग झाडं हलली आणि ट्रक बाहेर आला.

त्याला वाटलं होतं, प्रचंड आवाज असेल. हॉर्न आणि पत्र्याची खरखर सोडली तर दुसरा आवाजच नव्हता. इंजिन रडत नव्हतं, चाकं किंचाळत नव्हती. नुसता वारा. एवढं मोठं धूड वाऱ्यासारखं येत होतं, चाकांभोवती धुराचे गोळे घेऊन, आणि ड्रायव्हर त्याला मुद्दाम डोंगराच्या अंगाला घासत आणत होता. दगडावर पत्रा घासून ठिणग्यांची झालर उडत होती. दोब्रीला देवळाच्या भिंतीवर रंगवलेला प्रलयाच्या दिवसाचा देवदूत आठवला, ज्याच्याकडे लहानपणी बघवत नसे. तसंच होतं हे. यात राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. कुणाचंच न ऐकणारं वजन होतं, आणि त्याच्यापुढं माणूस म्हणजे काहीच नव्हता. दोब्रीनं टोपी काढली. का काढली ते त्याला नंतरही सांगता आलं नाही.

ट्रक त्याच्या पायांखालून गेला. काचेमागं एक कोवळा चेहरा होता, तोंड उघडं, डोळे वळणावर खिळलेले. ओग्न्यानही असाच बसला असेल. दोब्रीला हे आजवर कधी दिसलं नव्हतं. पोराचं मरण त्याला माहीत होतं, पण ते आज त्यानं पाहिलं.

मग दगड फुटल्याचा आवाज झाला. पाणपोई गेली. भिंत, कुंड, तोटी, फोटो, सगळं जणू काडेपेटी होतं. पण त्या धक्क्यानं ट्रकचं तोंड ओढ्याकडून फिरलं, तो कठड्याच्या तुटक्या भागातून झ्लातकाच्या बटाट्याच्या भुसभुशीत वावरात शिरला आणि मातीत पोटापर्यंत रुतून उभा राहिला. हॉर्न थांबला. देवळाची घंटा आणखी थोडी वाजली, मग तीही थांबली.

दोब्री खाली आला तेव्हा ड्रायव्हर पोरगा वावरात मातीवर बसला होता. कपाळ फुटलेलं होतं.

"काका, पाणी," तो म्हणाला.

तुटक्या नळीतून पाणी रस्ताभर वाहत होतं. दोब्रीनं टोपी भरून आणली. पोरगा टोपीतून घटाघटा प्यायला.

"नाव काय?"

"स्वेतान."

"स्वेतान, ब्रेक कुठं गेले तुझे?"

"इथं खाली गेले. पण वास वरच आला होता, त्या मोकळ्या जागी." त्यानं सपाटीकडे हात केला. "मनात आलं, थांबावं. निवू द्यावीत चाकं. पण तिथं आहे काय, काका? नुसता वारा. कशासाठी थांबू? मालक फोनवर फोन करतोय. म्हटलं, उतरू तसंच."

दोब्रीनं पोराच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि म्हणाला, "माझाही तिथं थांबला नाही."

झ्लातका धावत आली. तिनं आधी पोराला चाचपलं, मग नवऱ्याला, मग वावराकडे पाहिलं.

"माझे बटाटे," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्या रडण्याचा बटाट्यांशी काही संबंध नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं.

दोब्री दगडांच्या ढिगाऱ्यातून ओग्न्यानचा फोटो शोधून घेऊन आला. एक कोपरा उडाला होता, चेहरा शाबूत होता.

"तुझंच खरं होतं," तो बायकोला म्हणाला.

"हे म्हणायला तुला ट्रक लागला," झ्लातका डोळे पुसत म्हणाली.

रानातून सपाटीपर्यंत पाणी आणायला अख्खं गाव लागलं. काळ्या नळीची भेंडोळी खांद्यावर घेऊन लोक चढले. म्हातारे कुरकुरले, की रीत मोडते आहे, मेल्याला इकडे पाणी आणि जीव तिकडे; पण कुरकुरतही नळी ओढत होते. रांगेलनं तेच दगड पुन्हा बसवले, फुटके होते ते तसेच. भिंतीपुढं ट्रक उभा राहील एवढी जागा खडी टाकून सपाट केली. झ्लातकानं नावाखाली एक ओळ कोरून घेतली. पाणी तुला, वारा चाकांना. कारण आमच्याकडे असेही शहाणे आहेत, जे चाकातल्या तापल्या ब्रेक-ड्रमवर गार पाण्याची बादली ओततात आणि तो तडकला की देवाला बोल लावतात.

काम झालं, लोक उतरले. दोब्री मागं राहिला. त्याला चैन पडत नव्हती. पाणी चांगलं होतं, दात ठणकावेत असं गार, पण त्याचं मन खालच्या वळणावरच होतं. तिथं आता काहीच उरलं नव्हतं. पोरगा तिथं उभा असेल आणि आपण पाणीच उचलून वर आणलं, असं त्याला वाटत होतं, आणि झ्लातका शेजारी बसली होती तरी तो हे तिला सांगत नव्हता.

ऊन कलायला लागलं तेव्हा माथ्यावरून एक ट्रक आला. ओंडक्यांचा. वास आला, तसा दोब्री उठून उभा राहिला. ट्रक हळू झाला, पुढं गेला, मग एक सुस्कारा टाकून खडीवर थांबला.

पन्नाशीचा, दाढी वाढलेला माणूस उतरला. त्यानं तोंड धुतलं, मान ओली केली, तो ओंजळीनं पाणी प्यायला आणि त्यानं दगडावरचं नाव वाचलं.

"देव क्षमा करो तुला, ओग्न्यान," तो म्हणाला. मग दोघा म्हाताऱ्यांकडे वळला. "तुमचा का?"

"आमचा."

"इथं गेला?"

"नाही," दोब्री म्हणाला. "खाली गेला, शेवटच्या वळणावर."

माणसानं कड्याशी जाऊन खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. परत येऊन तो ट्रकच्या मागच्या चाकापाशी वाकला, हात पुढं केला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. चाकातून धूर येत होता, उन्हात नीट न दिसणारा, बारीक. त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो बघितला आणि वाजू दिला.

"बसतो जरा," तो म्हणाला. "निवेपर्यंत नाही उतरत."

झ्लातकानं त्याच्या हातावर उकडलेले गहू ठेवले. तो पाणपोईच्या कट्ट्यावर टेकला आणि दाणा दाणा खाऊ लागला. चाळीस टनांचं ते धूड त्याच्यामागं गप्प उभं होतं. खाली घाट होता, घाटाखाली येलेनोवो, आणि कुठूनही भोंगा ऐकू येत नव्हता.

दोब्रीनं टोपी काढली. खालच्या वळणाकडे त्यानं पाहिलं नाही.

"पोचलं गं," तो बायकोला म्हणाला.