मेंढरं कुणाच्या रानात बसायची

आश्रुबा खाटकानं काळ्या मेंढीच्या पाठीवर अंगठा दाबून मांस चाचपलं, तसा कडूबाईनं त्याचा हात झटकला.

"अजून विकलं न्हाई. हात आवर."

"मावशे, तुमच्याच धन्यानं सांगावा धाडला. मी काय वाट चुकून आलोय का परभणीहून?"

सांगावा धाडला होता, हे खरं. धाडणारा तिचा नवरा सटवाजी झोपडीच्या सावलीत सगळ्यांकडं पाठ करून बसला होता आणि घोंगडीचा एकेक धागा उपसत होता.

*

पेडगावचा माळ संपला होता. होता तिथंच होता, पण त्याच्यावर नांगर फिरला होता.

गावचे मोठे जमीनवाले आबासाहेब होते तोवर त्यांचं एक घर होतं, एक चूल, आणि जमीन एवढी की आलटून पालटून एक तुकडा वर्षभर पडीक ठेवायचे. रान विसावा घ्यायचं आणि त्यात मेंढरं चरायची. आबासाहेब गेले. दिनकरराव आणि दत्तराव या दोघा लेकांनी वाड्यात मधोमध भिंत घातली, रानात बांध घातला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाळणे हलत राहिले. कुणब्याच्या घरी काय, धनगराच्या झोपडीत काय, तीच गत. त्यात लढाई लागली आणि जोंधळ्याला कधी नव्हे तो भाव आला. पडीक तुकडा नांगरला गेला. मग तालुक्याच्या कचेरीतून परवानगी आणून माळही.

तेव्हा कडूबाई दिनकररावांना आडवी गेली होती.

"मालक, मेंढरांनी काय खावं?"

"माणसानं आधी खावं का मेंढरानं, तूच सांग."

ती बाजूला झाली आणि नांगर पुढं गेला.

कडूबाईचा थोरला लेक येडबा परभणीला कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर जाऊन हात हलवत परत आला. गावागावांतून इतके गडी येऊन उभे होते, की मुकादम निम्म्या रोजावर बोलवायचा आणि तरी गडी एकमेकांना ढकलायचे. मेंढरं गेली तर सगळ्या घरादाराला त्याच गर्दीत उभं राहायचं होतं. आणि मेंढरं ठेवावीत, तर ती उभ्यानं वाळत चालली होती.

*

"ए कडूबाई! थांब! देऊ नको!"

भर उन्हात, नांगरटीतून ठेचकाळत, हातात पायताण घेऊन दिनकरराव येत होते. एवढा मोठा माणूस असा पळताना कुणी पाहिला नव्हता.

"काय झालं, मालक? मेंढरं शिरली का पिकात?"

"पीक कुठाय शिरायला? आन् शिरली तरी शिरू दे. माझ्या रानात बसव. आजपासून."

कडूबाईला आधी नीट कळलंच नाही. रानात मेंढरं बसवणं नवं नव्हतं. रात्र रात्र कळप शेतात बसवायचा, लेंडी-मुतानं जमीन सुधारते, त्याबद्दल मालकानं धनगराला दाणे द्यायचे. पण आबासाहेबांच्या माघारी कुणी तिला बोलावलंच नव्हतं. माळावर पहिल्या वर्षी जोंधळा माणूस बुडेल एवढा आला होता, मग कशाला कोण बोलावतंय? दुसऱ्या वर्षी तो छातीला आला. यंदा गुडघ्याला. शेणखत घालावं, तर सरपणाची झाडं कधीच तुटली होती आणि शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं. चुली तरी किती झाल्या होत्या!

ती काही बोलणार, तोच दुसऱ्या वाटेनं दत्तराव येऊन उभे राहिले. धापा टाकत.

वाटणी झाल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नसत. दत्तरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि खाटकाला गाठलं.

"आश्रुबा, तुझ्याजवळ जे उभे हायत ना, त्यांना सांग. मेंढरं पयली माझ्या रानात."

"आश्रुबा, त्यांना सांग, मी आधी आलोय."

"त्यांना म्हणावं, आधी नांगर कुणी घातला माळावर?"

"आन् मागनं कुणी घातला, तेबी इचार!"

"आरं देवा," आश्रुबा म्हणाला, "मी मेंढरं घ्यायला आलोय का तुमचं भांडण घ्यायला?"

येडबाची बायको पदर तोंडात कोंबून झोपडीत पळाली.

कडूबाई हसली नाही. तिनं कोकरू उचलून कडेवर घेतलं.

"दाणे तर घेईनच," ती म्हणाली. "पर दाण्यावर मेंढरं जगत न्हाईत. वढ्याकडंची माळाची कड हाय, ती नांगरायची न्हाई. कुणीच. आन् सुगी झाली की धसकटात मेंढरं शिरली, तर दगड मारायचा न्हाई."

"कबूल," दोघं भाऊ एकदमच म्हणाले, आणि लगेच एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले.

"मग थोरल्या मालकाकडं आज. धाकल्याकडं त्यांचं झाल्यावर."

आश्रुबानं डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं. "मावशे, एवढ्या उन्हाचा आलोय, भाकर तरी घाल."

"दोन खा," कडूबाई म्हणाली.

*

सटवाजी उठला. काळ्या मेंढीला मांडीशी आडवी घेऊन तिच्या खुरातला काटा काढत बसला.

*

दिवेलागणीला कळप दिनकररावांच्या रानात बसला. भुई अजून तापलेली होती. कडूबाईनं ढेकळांवर घोंगडी टाकली आणि पाय लांब केले. किती दिवसांत ती अशी पाठ टेकून पडली नव्हती. पापण्या ओढायला लागल्या, एवढ्यात कुणीतरी बसल्या कळपाला हाकायचा आवाज काढला.

"हर्रर्र! हर्रर्र!"

दिनकरराव काठी घेऊन कळपाभोवती फिरत होते. बसलेली मेंढरं दचकून उठत होती.

"मालक, घरला जावा की. लांडगं न्हाईत आता इकडं. त्यांना तरी रान कुठं उरलंय?"

"लांडग्याला कोण भ्यायलंय?"

त्यांनी हनुवटीनं बांध दाखवला. बांधापलीकडं दत्तराव उभे होते. धोतराच्या सोग्यात बाभळीच्या वाळक्या शेंगा भरलेल्या. ते सोगा हलवून शेंगा वाजवत होते आणि आभाळाकडं बघत होते. जवळच्या मेंढरांनी कान टवकारले. दोन-चार उठून बांधाकडं निघालीसुद्धा.

"आगं कडूबाई, उठ की! चालली ना तिकडं! माझ्या रानातली लेंडी..."

तिला उठायला हवं होतं. एक शीळ घातली असती तर कळप जागच्या जागी बसला असता. सटवाजीनं तिच्याकडं पाहिलं आणि तंबाखू मळत राहिला.

"तुमीच वळवा, मालक," ती म्हणाली. "शिकून घ्या जरा."

तिनं घोंगडी तोंडावर ओढून घेतली. एका बाजूनं हर्रर्र चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूनं शेंगा वाजत होत्या. त्यातच तिचा डोळा लागला.