गावपळण

गिरणीत बावीस वर्षं घासून भिकाजी गावी परतला आणि बाप वारल्यावर गावच्या पहिल्या मानकऱ्याचा, गावकाराचा मान त्याच्या डोक्यावर आला. मुंबईने त्याला एक शहाणपण शिकवलं होतं. तिथे देऊळ, मशीद, चर्च, अग्यारी, सगळं एका हाकेच्या अंतरावर. पण ज्याचा देव त्याच्या उंबऱ्याआड, कुणी कुणाच्या वाटेला जात नसे. हे शहाणपण गावात वापरायला त्याचे हात शिवशिवत होते.

एकसष्ट साली देवीने गावपळणीचा कौल दिला. सूर्य मावळायच्या आत माणसं, गुरं, कोंबड्या सगळ्यांनी शिवेबाहेर पडायचं, तीन दिवस खोपी घालून राहायचं. गावात राहणार फक्त देवी.

सकाळीच भिकाजी खाडीकाठी कॉन्स्टान्सियोच्या घरी गेला. म्हातारा गुडघ्यांनी अधू झालेला. सून अँजेलिना गाठोडी बांधत होती.

"सोडा ती, वयनी," भिकाजी मोठ्या मनाने म्हणाला. "देवी आमची. तुमचो देव वेगळो. काकांका त्रास कित्याक? तुमी हंयच रवा."

अँजेलिनाचे हात थांबले.

"तुझ्या बापाशीन ह्या माका कधी सांगूक नाय," म्हातारा एवढंच बोलला. भिकाजीला वाटलं, म्हातारा आभार मानतोय. धन्य तो गावकार!

दुपारी शिवेवर खोपी उभ्या राहिल्या, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी. भिकाजीच्या खोपीशेजारची जागा तेवढी मोकळी. बायको सुभद्रेने विचारलं, "अँजेलिना खंय?" त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं.

तिने कपाळावर हात मारला. "तुमची मुंबय घाला चुलीत! मामंजी आदी तेंची खोप घालीत, मगे आपली. तुमी तेंका गावातसून काढलास की वो!"

भिकाजीने तंबाखू मळली, टाकून दिली. बसला, उठला, पुन्हा बसला. जो तो त्या मोकळ्या जागेला वळसा घालून जात होता. आपण उपकार केला की अपमान, हे त्याला उशिरा कळलं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली. सूर्य कलताना तो गावाकडे पळत सुटला.

कॉन्स्टान्सियोच्या घराला बाहेरून कडी. काढून पाहिलं तर चूल विझवलेली, खुराडं रिकामं. तो धापा टाकत खाडीवर आला.

पलीकडच्या काठावर, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, झावळ्यांची एकच खोप होती. शेजारी होडी बांधलेली. दारात कॉन्स्टान्सियो मिसेचा, रविवारी चर्चला जायचा कोट घालून बसला होता.

"काका!" भिकाजी ओरडला. "शिवेर चला! तुमची जागा तशीच आसा!"

म्हाताऱ्याने पश्चिमेकडे बोट केलं. पाण्यावरून त्याचा आवाज स्पष्ट आला.

"सूर्य बुडालो रे, भिकाजी. अख्खो गाव भायर पडलो. तू एकटोच आत कसो?"

भिकाजीने काठ धुंडाळला. होडी एकच होती, ती पलीकडे बांधलेली.