सात सेकंद

आत्याचा विक्रम मोडल्याची बातमी आली, तेव्हा ती एकच वाक्य बोलली. "रस्ता आखडलाय."

जुन्या बागेभोवतीचा तो गोल रस्ता मुळात घोडे फिरवायला बांधलेला. पुढे तिथे सैनिकांची कवायत झाली, मग बाग लोकांना खुली झाली, धावणारे आले आणि त्यांचा क्लब झाला. एका फेरीचा बायकांचा विक्रम चौतीस वर्षं आत्याच्या नावावर होता : चार मिनिटं अडतीस सेकंद. क्लबच्या मंडपातल्या फलकावर तिचं नाव सगळ्यात वर होतं. आता क्लबच्या सेक्रेटरीच्या भाचीनं तीच फेरी सात सेकंद कमी वेळात मारली होती. रविवारी रंगारी येऊन फलक बदलणार होता.

"भाची त्याची, घड्याळ त्याचं, शिट्टीही त्याचीच," आत्या म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय. तू फिजिक्स शिकवतेस ना? मोज."

मलाही संशय होताच. मी कॉलेजातलं मोजणीचं चाक आणलं आणि रस्त्याच्या मधोमध तीनदा फिरवलं. तिन्ही वेळा चौदाशे ऐंशी मीटर, क्लबच्या जुन्या वहीत लिहिलंय तेवढंच. रस्ता जागच्या जागी होता.

सेक्रेटरी मंडपातून बघत होता. "मॅडम, जमिनीखाली काही पुरलंय का?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या भाचीकडे बघत होते. ती आतल्या कडेला चिकटून धावत होती. आणि मंडपातल्या जुन्या फोटोंत प्रत्येक धावपटू बाहेरच्या कडेनं चाललेला. कारण फोटोतच दिसत होतं : आतल्या बाजूनं घोडे. वहीतही नियम सापडला. सकाळी आतला पट्टा घोड्यांचा, माणसांनी बाहेरून धावायचं. घोडे गेले, नियमही गेला, पण विक्रमांची यादी तीच राहिली.

बाकी गणित शाळेतलं. दोन वाटांत सहा मीटरचं अंतर असेल, तर एका फेरीत साधारण अडतीस मीटरचा फरक पडतो. आत्याच्या वेगानं तेवढ्याला बरोबर सात सेकंद लागतात.

शनिवारी संध्याकाळी मी आत्याला घेऊन क्लबात गेले आणि सेक्रेटरीसमोर कागद ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता फाटे फोडेल. पण त्यानं चष्मा काढला.

"हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही," तो म्हणाला. "भाचीला मी समजावतो. तिनं बाहेरून धावून दाखवावं, तोवर फलक आहे तसा राहील. ताई, तुम्ही फक्त इथे लिहून द्या, की त्या दिवशी बाहेरच्या कडेनं धावलात."

आत्यानं पेन घेतलं. टोपण काढलं, परत लावलं.

"सही कर ना," मी म्हणाले.

"त्या आठवड्यात घोड्यांना कसलीशी साथ आली होती," ती म्हणाली. "एकही घोडा बाहेर नव्हता. पट्टा मोकळा होता, म्हणून मी आतूनच धावले. पंचांनी पाहिलं, पण कोणी काही बोललं नाही."

सेक्रेटरीनं माझा कागद नीट घडी करून मला परत दिला. त्यानं टोमणा मारला असता, तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग मला आठवडाभर मोजायला का लावलंस?"

"मला वाटलं, रस्ता खरंच आखडला असेल," आत्या म्हणाली. "मग हे सांगायची वेळच आली नसती."