टिटवीच्या आईची साक्ष

फलकाची शेवटची शिवण मारून तिने दोरा दाताने तोडला आणि कापड नवऱ्याच्या हातात दिलं.

"घ्या. अक्षरं वाकडी आली असतील तर बोलू नका. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत."

"झकास झालंय," तो म्हणाला आणि फलक छातीशी धरून आरशापुढे उभा राहिला, नवे कपडे घातलेल्या पोरासारखा.

काटकुळे पाय, लांब मान. वस्तीत त्याला सगळे बगळेमामा म्हणत. बसदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून त्याचा सगळा दिवस पाणथळीच्या काठी जाई. भराव टाकून तिथे इमारती उठवायचं एका कंपनीच्या मनात आलं, तेव्हा दारोदार फिरून त्यानेच माणसं गोळा केली. ती फलक शिवून देई, सभेला आलेल्यांना चहा करी. पाण्याकडे मात्र फिरकत नसे. त्या बाजूची खिडकी बंदच असे.

त्याच पाण्यात त्यांची मुलगी गेली होती. अखंड बडबड करायची म्हणून बापाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. मैत्रिणींबरोबर घरटी बघायला गेली आणि पाय घसरला. पोर शेवटची हसली ती तिथे, असं तो म्हणे. आईला तिथे नुसता चिखल दिसे.

आठवड्यापूर्वी तो घरी नसताना कंपनीचा माणूस येऊन गेला होता. मऊ आवाजाचा, अदबीने बसणारा.

"ताई, सुनावणीत तुम्ही फक्त मनातलं बोला. ते पाणी नको, एवढंच. आम्ही तिथे बाग करू, तिच्या नावाने."

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, बुजून जाऊ दे ते एकदाचं.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीचा वकील शांतपणे म्हणाला, "या पाण्याने एक लेकरू घेतलंय. त्याची आई इथे बसली आहे. तिला विचारा."

बगळेमामाची मान खाली गेली. अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "तुमची इच्छा असेल तरच बोला."

ती उठली. नवऱ्याचे हात तिला दिसले. फलकाची कड त्याने मुठीत चुरगळून धरली होती.

"माझी पोर तिथे बुडाली," ती म्हणाली. "पण रोज धावत जायची तीही तिथेच. काठाला कठडा घाला, पाटी लावा. तिच्या नावाने ते पाणी बुजवू नका."

टाळ्या वाजत राहिल्या. ती खाली बसली.

महिन्याभराने निकाल आला. भराव नामंजूर. वस्तीने बगळेमामाला खांद्यावर घेतलं. घरी आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते.

"उद्या चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "एकदाच. काठावर बसू."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मी ताईकडे जातेय."

"जा की. चार दिवस आराम कर."

तिने आणखी एक घडी पिशवीत ठेवली. त्याने पिशवीकडे पाहिलं. तळाशी तिच्या हिवाळ्याच्या शाली होत्या. बाहेर तर ऊन पोळत होतं.

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"मग त्या दिवशी तसं का बोललीस?"

"तुमच्याकडे तेवढंच उरलंय," ती म्हणाली. "ते मी कसं काढून घेऊ? पण त्या पाण्याशेजारी मला आता राहवत नाही हो."

सकाळी पिशवी त्यानेच उचलली. बसथांब्यापर्यंतच्या वाटेवर माणसं अडवून हात मिळवत होती. इस्त्रीवाला दुकानातून ओरडला, "वहिनी, तुम्ही बोललात म्हणून जिंकलो! आता जोडीने सहल वाटतं?"

"हो," बगळेमामा म्हणाला. "तिच्या बहिणीकडे."

बस आली. त्याने आत चढून पिशवी तिच्या पायाशी ठेवली, तिला खिडकीजवळची जागा धरून दिली. वाहकाने विचारलं, "दोन?"

"एक," तो म्हणाला, आणि खाली उतरला.