तिसऱ्या लेनची भीती

पोहण्याच्या संघात तिला सगळे बारकी म्हणत, आणि त्या बारकीला नव्या मानसतज्ज्ञ मॅडमांचा दाट संशय होता. मॅडमांची खोली तलावाच्या काठालाच, कपडे बदलायच्या खोलीला लागून. दोन मऊ खुर्च्या, एक खिडकी आणि भिंतीवर काहीच नाही. इतकी साधी खोली कुणी उगीच ठेवत नाही, असं बारकीला वाटे.

संशय पेरला होता तिच्या ताईने. ती पूर्वी याच संघात होती. "आधीच्या बाईंपुढे मी पोटातलं सगळं ओकले," ती सांगे, "आणि आठवड्याच्या आत संघाबाहेर! त्या क्लबच्या असतात गं, आपल्या नाही. हवापाण्याचं बोलायचं आणि उठून यायचं."

पण बारकीच्या पोटात खरंच काहीतरी होतं. मागच्या स्पर्धेत रिलेची पहिली उडी तिची होती. भोंगा वाजायच्या आधीच ती पाण्यात गेली आणि चौघीही बाद झाल्या. तेव्हापासून भोंगा वाजला तरी ती क्षणभर मुद्दाम थांबे. शुक्रवारी संघाची निवड होती. हे कोचसरांच्या कानावर गेलं, तर पहिली उडी गेलीच म्हणून समजा. आणि कुणाला सांगितलं नाही, तर ते थांबणं सुटत नव्हतं.

तेव्हा तिने मॅडमांबद्दलच्या संशयाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं, आणि त्यांना एक धडधडीत थाप मारली.

"मला तिसऱ्या लेनची भीती वाटते. तळाच्या फरशीला तडा गेलाय ना, तो बघून पोटात गोळा येतो."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस."

"बरं," मॅडम म्हणाल्या. ते बारकीला जास्तच खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोचसर काठावरून ओरडले, "बारके, आज पाचव्या लेनमध्ये जा!"

बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला. टॉवेलही न घेता, ओल्या अंगानेच ती मॅडमांच्या खोलीत शिरली.

"सांगितलंत ना सरांना? थाप होती ती! तुम्हाला पकडायलाच मारली होती."

मॅडमांचा चेहरा हलला नाही. "मी नाही सांगितलं. पण माझ्या तोंडून तुला पटेल?"

"अजिबात नाही."

"मग सरांनाच विचार. मी इथून उठत नाही, म्हणजे मी त्यांना खुणावलं असं तरी म्हणणार नाहीस."

सर काठावर स्टॉपवॉच पुसत उभे होते. "सर, माझी लेन का बदललीत?"

"का म्हणजे? काल संध्याकाळी उडीच्या आधी वाकून वाकून तळ बघत होतीस. अंगठी-बिंगठी पडलीय का खाली? म्हटलं, दुसऱ्या लेनमध्ये तरी ही समोर बघेल."

मॅडमांनी खोलात विचारलं तर अडायला नको, म्हणून तो तडा नेमका कुठे आहे ते बारकी काल पाहून ठेवत होती. बातमी फोडणारी तीच निघाली. की सरांनी हे उत्तर आधीच तयार ठेवलं होतं?

"आणि भोंग्यानंतर कसली वाट बघतेस?" सर म्हणाले. "मला दिसतं, पण कळत नाही. शुक्रवारपर्यंत हे निस्तर, नाहीतर पहिली उडी दुसरीला द्यावी लागेल."

ती जागीच थबकली. तडा मॅडमांना माहीत होता. पण भोंग्याचं तर तिने कुणालाच, अगदी ताईलाही सांगितलं नव्हतं. तरी ते सरांना ठाऊक होतं.

ती परत आली तेव्हा मॅडम तिथेच बसल्या होत्या. समोरच्या खुर्चीवर कोरडा टॉवेल पसरलेला होता.

"दार लावू?"

"नको, उघडंच असू दे." बारकी बाहेर नजर ठेवून बसली. "कोण ऐकतंय ते दिसेल मला."

मॅडमांनी आपली खुर्ची थोडी सरकवली, तिला दार नीट दिसावं म्हणून.

"भोंगा वाजतो ना," बारकी हळूच म्हणाली, "तेव्हा मी मुद्दाम थांबते."