चाळीस मिनिटं

दवाखान्याच्या नोंदी जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या दिवसांत माझं डोकं कायम तापलेलं असायचं. दोन वेगळ्या कंपन्यांचे डेटाबेस. जुन्यातल्या प्रत्येक रकान्याला नव्यातला जुळणारा प्रकार शोधायचा. आकड्याला आकडा, मजकुराला मजकूर. मग जन्म-मृत्यूचे रकाने आले. जुन्यात प्रकार 'डेट', नव्यातही 'डेट'. टिचकी मारली आणि पुढे सरकलो.

खिडकीवरच्या नोंदणीबाईंनी तेव्हा विचारलं होतं, की जुन्या डेटमध्ये तारखेसोबत वेळही असायची, ती येईल ना? मी खेकसलो, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा. त्या खिडकीवर परत गेल्या. तपासताना आम्ही फक्त नोंदी मोजल्या, त्या जुळल्या. जुन्या नोंदींचे कागद तर कधीच रद्दीत गेले होते. महिन्याभराने जुन्या डिस्क पुसल्या, त्याही माझ्याच सहीने.

मग एका दुपारी माझी ताई आली. बावीस वर्षांपूर्वी तिला इथेच मुलगी झाली होती. ताई गुंगीत होती, तिला काहीच दिसलं नाही. मुलगी चाळीस मिनिटं जगली, एवढं नर्सने तिला नंतर हळूच सांगितलं. सासूबाईंनी मात्र मूल मेलेलंच जन्मलं असं ठरवून टाकलं, आणि भाऊजींनीही मान डोलावली. ताई कुणाशी भांडली नाही. आता ती दोघंही गेली होती, आणि तिला ती चाळीस मिनिटं एकदा कागदावर बघायची होती. ठेवणीतले कपडे घालून आली होती, खुळी.

मी ऐटीत नोंद छापली. जन्म आणि मृत्यूची तारीख एकच, वेळेच्या जागी दोन्हीकडे शून्यं. खाली यंत्राने आपणच वजाबाकी केली होती. आयुष्य, शून्य मिनिटे. नव्या 'डेट'मध्ये वेळ राहतच नाही. मी वेगळा प्रकार निवडायला हवा होता, आणि बाई मला तेच विचारत होत्या.

"ताई, मी दुरुस्त करतो. चाळीस मिनिटं लिहितो."

"किती वाजल्यापासून?" तिने विचारलं. "तू बाहेर बाकावर होतास ना रे? तुला आठवत असेल."

होतो. समोरच भिंतीवर घड्याळ होतं, तासन्‌तास मी त्याच्याकडेच बघत होतो.

"नाही आठवत."

तिने कागद जवळ घेतला. शून्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे सासूबाई खरंच बोलत होत्या."

नाही गं ताई, चूक माझी आहे, ती जगली होती, असं मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. मला रडू फुटलं, तशी ती माझ्याच पाठीवरून हात फिरवू लागली. धाकटा भाऊ आपली समजूत घालतोय, असंच तिला वाटत होतं.